पिंजऱ्यातल्या जावा

आमच्या बांना माणसांच्या आणि जनावरांच्या स्वभावातलं सगळं कळत असे. हे त्यांनी स्वतःच जाहीर केलेलं होतं, आणि आमच्या लाकुरीत बांनी जाहीर केलेल्या गोष्टीवर पुन्हा चर्चा होत नसे. लाकूर म्हणजे घराभोवतीचं आवार. मागे सुसू नावाच्या भाजीच्या वेलाचा मांडव, पुढे गेट, आणि मधे आम्ही: बा, आई, दादा, वहिनी, त्यांची सात वर्षांची मुलगी, आणि नवीन लग्न झालेले आम्ही दोघं. व्हाकोआला वर्षातले निम्मे दिवस कपडे वाळत नाहीत. तिथे एवढी माणसं एका छपराखाली राहतात म्हणजे एकमेकांच्या ओल्या टॉवेलांसकट राहतात.

बा सरकारी वर्कशॉपात सुतार होते. जुनं पत्र्याचं घर वादळानं उचलून शेजाऱ्याच्या केळीत नेऊन ठेवलं, तेव्हा त्यांनी कर्ज काढून कोंक्रीटचं घर बांधलं. वर सपाट स्लॅब, आणि स्लॅबातून आभाळाकडे निघालेल्या लोखंडी सळया. त्या सळया म्हणजे मी. धाकट्याचं लग्न झालं की त्याचा मजला त्यांच्यावर चढायचा होता. आमच्या बेटावर छपराकडे बघून घरातले बिनलग्नाचे मुलगे मोजता येतात. माझं लग्न होईपर्यंत आई त्या सळयांना कपड्यांची दोरी बांधायची, आणि मला वाटतं मजल्यापेक्षा ती दोरीच तिला जास्त सोयीची होती.

लग्न झालं. मजला ठरला. अडलं ते जिन्यापाशी.

बांचा जिना आतून होता. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात स्लॅबला भोक पाडायचं आणि आईच्या चुलीशेजारून वर जायचं. वरती फक्त झोपायचं. चूल खाली, एकच. "एका घराला दोन दारं म्हंजे दोन घरं," बा म्हणायचे. माझ्या बायकोला जिना बाहेरून हवा होता, आणि वर स्वतःची चूल. भांडण कुणाशी नव्हतं तिचं. तिला तिच्या वडिलांना एकदा जेवायला घालायचं होतं.

तिचे वडील बों अक्योयला थोडा ऊस लावत. महिन्यातून एकदा ते दोन बस बदलून लेकीला बघायला येत. हातात वांग्यांची पिशवी. व्हरांड्याच्या कडेला, अगदी कडेला टेकत, चहा घेत, आणि "बस चुकंल" म्हणून उठत. बस कधी चुकली नाही. व्याह्याच्या चुलीवरचं जेवायचं त्यांना अवघड वाटे, आणि आमच्या आईला ते न जेवता जातात याचा राग येई, म्हणून ती आणखी आग्रह करी, म्हणून ते आणखी लवकर उठत.

"माझ्या चुलीवरचं जेवतील ते," बायको म्हणायची. "पण माझ्या चुलीपर्यंत यायला त्यांना माझं दार पायजे."

"मी बांशी बोलतो," मी म्हणायचो.

हे वाक्य मी त्या वर्षी इतक्या वेळा म्हणालो, की दादाची मुलगी, माझी पुतणी, अभ्यासाचं विचारलं की कमरेवर हात ठेवून म्हणू लागली, "मी बांशी बोलते."

अशात माझ्या ऑफिसातला एक सहकारी कायमचा ऑस्ट्रेलियाला निघाला. त्याच्याकडे चार गिनीपिग होते, दीडेक महिन्यांचे. नेणं शक्य नव्हतं. मी पुतणीसाठी घेतो म्हणालो. त्यानं पोर्ट लुईच्या बसस्टँडवर दोन खोकी माझ्या हातात दिली आणि क्रिओलमध्ये बजावलं की एकात दोन नर आहेत, दुसऱ्यात दोन माद्या, एकत्र करू नकोस. खोक्यांवर तसं लिहिलंही होतं. क्यूरपीप येईपर्यंत वरून पावसानं आणि आतून मंडळींनी मिळून दोन्ही खोक्यांचे तळ विरघळवले. शेजारच्या बाईच्या मांडीवर एक जनावर उतरलं, ती "आयो!" म्हणून किंचाळली, आणि मी चौघांना गोळा करून छत्रीच्या पिशवीत कोंबलं. खोकी बसमध्येच राहिली. त्यांच्यावर लिहिलेलंही त्यांच्याबरोबर गेलं.

दोन तांबडे होते, दोन काळे. तांबडे एका खोक्यातले, काळे दुसऱ्यातले, इतकं मला पक्कं आठवत होतं. नर कुठले, ते मात्र नाही.

"तू विचारलं न्हाईस?" दादा म्हणाला.

"त्यानं सांगितलं होतं."

"मग?"

"मी ऐकत होतो," मी म्हणालो. हे खरं होतं. काय ऐकलं ते आठवत नव्हतं, एवढंच.

फ्रेंचात या प्राण्याला 'हिंदुस्थानचं डुक्कर' म्हणतात हे दादानं मुद्दाम आईला सांगितलं. ती पिशवीसकट मला उंबऱ्याबाहेर उभं करून म्हणाली की डुक्कर या घरात येणार नाही. बांनी निकाल दिला: "आपले वाडवडील आले त्याच मुलखातनं आलंय. नाव गोऱ्यांनी ठेवलंय, त्यात जनावराचा काय दोष?" पुढे मी वाचलं की या प्राण्याचा आणि हिंदुस्थानचा काही संबंध नाही, तो दक्षिण अमेरिकेतला. तेही बांशी बोलायच्या यादीत टाकलं.

पिंजरा बांनी केला. निवृत्त सुताराला नातवंडाचं काम म्हणजे सण. माझ्या जिन्याच्या साच्यासाठी आणून ठेवलेल्या फळ्या त्यांनी बाहेर काढल्या, मुंगसासाठी दुहेरी जाळी मारली, ओल लागू नये म्हणून पाय विटांवर उचलले, वर पत्रा उतरता. तिसऱ्या दिवशी आम्हाला बोलावून त्यांनी कापड दूर केलं. पिंजरा दोन मजली होता. खाली खोली, वर खोली, आणि मधे आतून जाणारी उतरती फळी. दार एकच, खाली.

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. मी पत्र्याकडे पाहिलं. फार सुंदर बसवला होता पत्रा.

"एकच दार, आजोबा?" पुतणीनं विचारलं.

"दोन दारं म्हंजे दोन घरं," बा म्हणाले.

कोण नर आणि कोण मादी हे कळेपर्यंत फळीच्या तोंडाशी आडवी पट्टी लावली. काळे दोघे वर, तांबडे दोघे खाली. वरच्यांना काढायचं झालं की बा छपराचा पत्रा उचलत. गवत, सुसूचा पाला आणि गाजराची सालं घालायचं काम पुतणीचं. एक महिना बरा गेला.

मग काळे भांडू लागले. भांडण म्हणजे काय, तर एक जण अंग फुगवून मागचा भाग डुलवत दुसऱ्याभोवती फिरायचा आणि घशातून असा आवाज काढायचा की कुणीतरी मोबिलेट फटफटी चालू ठेवून आत चहाला गेलंय. मग दात वाजवायचे. मग झडप. एका काळ्याचा कान फाटला. खाली तांबडे दोघे मात्र एकमेकांच्या पाठीवर हनुवटी टेकून झोपलेले.

बांनी दोन दिवस पिंजऱ्यापुढे स्टूल टाकून अभ्यास केला. रविवारी सगळ्यांना मागच्या अंगणात बोलावलं.

"कळलं," ते म्हणाले. "तांबडे भाव हायत. काळ्या बायका हायत."

"कशावरून, बा?" दादानं विचारलं.

"डोळे हायत न्हवं? भाव कवा असे भांडतात? ह्या जावा. एका मजल्यावर दोन बायका ठेवल्या, आनिक काय व्हनार?"

इथे थोडं सांगायला हवं. त्या रविवारी मी आणि दादा एकमेकांशी बोलत नव्हतो. चौथा दिवस होता. मोबिलेट दोघांत एक होती आणि टाकी रिकामी कुणी ठेवली यावर वाद झाला होता. दादाचा वरचा प्रश्न बांना होता, मी मधे उभा असूनही माझ्या डोक्यावरून. उलट वहिनी आणि माझी बायको धुण्याच्या दगडावर बसून, एकाच चादरीची दोन टोकं धरून पीळ घालत होत्या आणि कसल्यातरी गोष्टीवर सकाळपासून हसत होत्या. 'जावा' शब्द ऐकताच दोघींनी एकदम पदर सारखा केला. पदर सारखा करण्याच्या निमित्तानं तोंडासमोरून जितका वेळ नेता येतो, तितका वेळ नेला.

दुपारी बा समाजाच्या बैठकेला गेले. बायकोनं हात धुतले, पिंजऱ्यापाशी गेली, पत्रा उचलला आणि एक काळा बाहेर काढला. वहिनी शेजारी येऊन बसली. मी पहाऱ्याला.

तिच्या माहेरी ससे होते. सात वर्षांची असल्यापासून ससा उलटा करून नर की मादी सांगायचं काम तिचं होतं. हे मला लग्नानंतर इतक्या दिवसांनी, त्या दुपारी कळलं. तिनं जनावराची पाठ आपल्या पोटाशी टेकवली, मागचे पाय तळहातावर घेतले, म्हणजे ते लाथा मारत नाही, आणि अंगठ्यानं खालच्या पोटावर, अगदी हळू, पापणी दाबावी इतकं दाबलं.

"बघा. ह्ये टोक बाहेर आलं. नर."

दुसरा काळा. पुन्हा टोक. नर. मग खालचे तांबडे. कितीही हळू दाबलं तरी टोक नाही. तिथे फक्त दुबेळक्या फांदीसारखी बारीक रेघ.

"दोघी माद्या. स्तनाग्रं बघू नका, ती दोघांनाबी असतात, त्याच्यावर गडी फसतात." हे वाक्य तिनं जनावराबद्दल म्हटलं असलं तरी बघत माझ्याकडे होती.

"म्हणजे भांडतात ते..." मी म्हणालो.

"भाव," वहिनी म्हणाली, आणि दोघी जावा पोट धरून हसल्या.

"आता बांशी बोला," बायको म्हणाली. "लई सोपं हाय. जिन्याचं नका बोलू. फकस्त यवढंच सांगा, की भांडतात ते भाव हायत."

मी बोलणार होतो. संध्याकाळी बा आले, पाय धुतले, आरामखुर्चीत बसले. मी समोर उभा राहिलो. "बा," मी म्हणालो. "काय?" बा म्हणाले. "पाऊस थांबला," मी म्हणालो. स्वयंपाकघरातून पळी जरा जोरात ठेवल्याचा आवाज आला.

श्रावण लागला त्याच दिवशी बांनी पिंजऱ्यातलं भांडण मिटवलं. जावांना एकत्र ठेवणं हीच चूक. प्रत्येकीला तिचा नवरा द्यायचा. एक काळा आणि एक तांबडा वर, एक काळा आणि एक तांबडा खाली. पुतणीनं तांदळाच्या अक्षता टाकल्या. आणि खरंच भांडण थांबलं! काळे दोघे एकमेकांना दिसेनासे झाले, शेजारी गोड स्वभावाची सोबत मिळाली, कोण भांडेल? बांनी स्टुलावरून आमच्याकडे असं पाहिलं की जणू त्यांनी बेटावरच्या सगळ्या घरांचा प्रश्न सोडवलाय.

"एक घर, एक दार," ते म्हणाले. "मासोंला सांगतो. पुढच्या आठवड्यात भोक पाडू." मासों म्हणजे गवंडी.

एकदा आतून जिना झाला की झाला. कोंक्रीटमधला जिना कुणी परत बाहेर काढत नाही. मी बायकोकडे पाहिलं. आता ती रडेल, असं मला वाटलं. ती बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजत होती.

"मामंजी," ती पदर घेऊन म्हणाली, "श्रावणात घर फोडायचं? मग गणपती येतोय. चुलीवर धूळ पडंल, मोदक कसे करू?"

बांनी मान डोलावली. "खरं हाय. गणपतीनंतर."

"मग पितरपाख."

"पितरपाखात कसं?" आई आतून ओरडली. "पितर जेवायला येतील आन् छपराला भोक?"

"मग दसरा," बायको म्हणाली. "मुहूर्ताला मुहूर्त, तुमच्या हत्यारांची पूजाबी त्याच दिवशी."

बांचा चेहरा उजळला. सून शहाणी असल्याचं त्यांनी प्रथमच, आणि माझ्याकडे बघत, कबूल केलं.

खोलीत मी तिला विचारलं, "दोन महिने पुढे ढकलून काय मिळालं?"

"श्रावण, भादवा आन् वर धा दिवस," ती म्हणाली. "सशाला म्हैना पुरतो. ह्यांना दोन म्हैने आन् वर आठधा दिवस लागतात. तुमच्या ऑफिसच्या लायब्ररीतनं तुम्हीच त्ये पुस्तक आणलंवतं. चित्रंच बघितलीत वाटतं."

चित्रंच बघितली होती.

पुढचे दोन महिने मी ज्या आपुलकीनं त्यांच्या पोटांकडे पाहिलं, तितक्या आपुलकीनं जन्मात कुठल्याही प्राण्याच्या पोटाकडे पाहिलं नसेल. तांबडे दोघे, बांच्या हिशेबातले नवरे, फुगू लागले. गणपती आले, गेले. विसर्जनाला नदीवर जाताना भिजून मला सर्दी झाली. पितरांना जेवण गेलं. वरच्या मजल्यावरचा तांबडा एव्हाना नासपतीसारखा झाला होता आणि बसल्यावर त्याचे पाय दिसत नव्हते.

"सुखी मानूस जाड व्हतो," बा पुतणीला समजावत. "संसार लागला की असंच. तुझा बाप बग."

दादानं पोट आत घेतलं.

मला मात्र झोप नव्हती. पोटात एखादं पिल्लू चार दिवस जास्त राहिलं तर? जनावरानं तिथी पाळावी असा नियम थोडाच आहे! दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी त्या तांबडीला गाजर देऊन अक्षरशः विनंती केली. ती गाजर खाऊन झोपली.

दसऱ्याची सकाळ. बांनी करवत, रंधा, हातोडी आणि मीटरपट्टी पाटावर मांडून हळदकुंकू वाहिलं. मासों आठ वाजता आला, शिडी स्वयंपाकघरात लावली, चुन्यानं स्लॅबवर चौकोन आखला. आईनं चुलीवर ओलं पोतं टाकलं. बा म्हणाले, "पहिला घाव माझा," आणि हातोडी घेऊन शिडीच्या दुसऱ्या पायरीवर चढले. बायको चुलीपाशी उभी होती. तिनं माझ्याकडे बघितलं नाही. मी दोन पावलं पुढे गेलो, घसा साफ केला. मी बोलणारच होतो, हे आजही मी छातीवर हात ठेवून सांगतो.

तेवढ्यात मागच्या अंगणातून पुतणी किंचाळली, "आजोबा! नवऱ्याला बाळं झाली!"

बा शिडीवरून उतरले. आम्ही सगळे मागे गेलो, मासोंही आला. वरच्या खोलीत तांबडी बसलेली, आणि तिच्या पोटाशी तीन पिल्लं. डोळे उघडे, अंगावर केस नीट विंचरल्यासारखे. त्यातलं एक चालतसुद्धा होतं. काळा नवरा, म्हणजे बांची थोरली जाऊ, कोपऱ्यात गवत चावत होता.

मासोंनं टोपी काढली आणि क्रिओलमध्ये बांचं अभिनंदन केलं. का कोण जाणे, बांचंच.

बांनी पत्रा उचलला आणि बराच वेळ आत बघत राहिले. हातोडी अजून हातात होती. "म्हंजे काळे..." ते म्हणाले.

"भाव," आई म्हणाली. ती बांशी असं बोलते हे मी तोवर ऐकलं नव्हतं.

मग बांनी असं काही केलं की जे मला, त्यांच्या पोटच्या पोराला, कधी सुचलं नसतं. ते माझ्या बायकोकडे वळले. "सूनबाई, तुला कळतं का ह्यातलं?"

"कळतं, मामंजी."

"मग बग, ह्यी काय हायत."

पिल्लांना आज हात नको, ती म्हणाली, दोनेक दिवसांनी बघते. आणि तांबडीला लगेच पुन्हा दिवस राहतात म्हणून काळ्याला आत्ताच बाहेर काढायला हवं.

"त्याला दुसऱ्या काळ्याबरोबर ठेवू?" बांनी विचारलं.

"खालची दुसरी तांबडी अजून हाय त्याच्यासंगं. तिलाबी आज-उद्या व्हतील. आन् दोघं गडी पुन्हा एकत्र ठेवले तर दुसरा कान जाईल." तिनं जाळीवर बोट ठेवलं. "भाव वाईट नसतात, मामंजी. जाळीतनं एकमेकांना दिसूद्यात, शेजारी असूद्यात. पर दार आपापलं पायजे."

बांनी पिंजऱ्याकडे बघितलं. मग दादाकडे, मग माझ्याकडे. दसऱ्याच्या त्या सकाळी आम्ही दोघं भाऊ पुन्हा एकमेकांशी बोलत नव्हतो. या वेळी गेट कुणी उघडं टाकलं यावरून. आम्ही अंगणाच्या दोन टोकांना उभे होतो. वहिनी आणि माझी बायको खांद्याला खांदा लावून मधे.

"गाढवं," बा म्हणाले. गिनीपिगांना नव्हे.

ते घरात गेले. मासों मागून गेला. स्वयंपाकघरातून शिडी ओढल्याचा आवाज आला, मग ती पुढच्या दारातून बाहेर आली आणि घराच्या उजव्या भिंतीला टेकली. बांनी मीटरपट्टी काढली. "हितनं," ते मासोंला म्हणाले. "बाहेरनं. आन् वर धूर जायला खिडकी ठेव." आमच्याशी ते दिवसभर बोलले नाहीत. संध्याकाळी आपट्याचं पान मात्र पहिलं सुनेला दिलं.

रागात माप घेतल्यामुळे जिन्याची चौथी पायरी बाकीच्यांपेक्षा दोन बोटं उंच झाली. ती अजून तशीच आहे. आमच्याकडे पहिल्यांदा येणारा प्रत्येक जण तिथे अडखळतो, आणि खाली बसलेले बा तेव्हा पावलांच्या आवाजावरून न बघता सांगत, नवीन माणूस की घरचा. स्वयंपाकघराच्या छतावर चुन्याचा चौकोनही बरीच वर्षं होता. आई पुसू देत नसे.

मजला पुरा झाल्यावर बायकोचे वडील आले. हातात वांगी. सवयीनं व्हरांड्याच्या कडेला टेकू लागले, तर बांनीच हातानं वर दाखवलं. ते चढले, चौथ्या पायरीला अडखळले, वर आले. बायकोनं दार उघडलं आणि पाट मांडला. त्यांनीच आणलेल्या वांग्यांची भाजी, डाळ, भात. ते हळूहळू जेवत होते, मधूनच भिंतीकडे, खिडकीकडे बघत. ती समोर बसून वाढत होती आणि मला बोलू देत नव्हती, हे बरंच होतं.

खालून बांचा खोकला ऐकू आला, मग आवाज: "व्याही! बस गेली हो तुमची!"

त्यांनी डाळीची वाटी पुढे केली. "जाऊ द्या," ते म्हणाले. "भात हाय का अजून, बाय?"